पंचेचाळीस हजारांचे कान

रोज सकाळी चहाच्या आधी सदाकाका एक नारळ कानाशी धरून हलवायचे. नारळ त्यांच्याच वाडीतला, त्यांच्याच झाडाचा, आदल्या दिवशी त्यांच्यासमोरच उतरवलेला. तरी हलवायचे. आतलं पाणी नीट वाजलं की तो नीराबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात द्यायचे. नाही वाजलं तर वाडीकडे वळून त्या झाडाकडे असे बघायचे, जणू त्याने मुद्दाम केलं.

चौलच्या आमच्या आळीत त्यांची पडवी आमच्या पडवीसमोर होती, त्यामुळे हे रोज दिसायचं. नवी कपबशी आली की ते नखाने टिचकी मारून ऐकायचे. घरावर घालायचे पत्रे दुकानात ठोकून बघायचे. दुकानदार काय सांगतो याकडे त्यांचं लक्ष नसे. वस्तूचा आवाज ऐकून ते ठरवायचे, आणि बहुतेक वेळा त्यांना तिच्यात काहीतरी लबाडी सापडायची. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या या माणसाने एका गोष्टीवर कधीच संशय घेतला नव्हता. ती म्हणजे स्वतःचा कान.

त्याला कारणही होतं. पस्तीस वर्षं ते हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो वाजवत होते. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. रेवदंड्यापासून माणगावपर्यंत त्यांचा बेंजो ओळखला जायचा. बेंजोच्या तारा पिळायची छोटी लोखंडी चावी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत. कार्यक्रमाआधी दार लावून एकटेच तारा लावत. ती चावी नीराबाईंनीसुद्धा हातात धरली नव्हती. पुतण्या विनेशने एकदा तारा जुळवायचं मोबाईलमधलं साधन दाखवलं, तेव्हा त्यांनी मोबाईल उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "ह्याला कान कुठं हायत?"

विनेश काकांच्या बेंजो पार्टीत, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात, कीबोर्ड वाजवायचा आणि सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायचं मिक्सरचं कामही बघायचा. त्याची धाकटी बहीण प्राची गायची. दिवाळीनंतर विनेश मुंबईहून एक डबी घेऊन आला. तिच्यात मऊ कापसावर दोन लहानसे काळे तुकडे होते, काजूच्या आकाराचे. इन-इअर मॉनिटर. स्टेजवर गाणाऱ्याला स्वतःचा सूर कळावा म्हणून पूर्वी पायाशी स्पीकर ठेवत, आता आवाज थेट कानात येणार. ही जोडी प्राचीची, पंचेचाळीस हजारांची. बाकीच्यांसाठी तशाच आकाराच्या, पण अकराशेच्या साध्या जोड्या होत्या.

नीराबाई म्हणाल्या, "एवढ्याचं कानातलं आणायचं होतं, तर सोन्याचं तरी आणायचंस."

सदाकाका हसले नाहीत. डबी त्यांनी कानाशी धरून हलवली, वजन बघितलं, वायर दोन बोटांत घेऊन चोळली. दुकानदाराने वायरीत चांदी असल्याचं सांगितलं होतं. ती चांदी त्याने बघितली का, असं त्यांनी विनेशला विचारलं. मग स्वतःसाठी आलेली साधी जोडी पिशवीत घालून खुंटीला अडकवली. त्यांना पायाशी स्पीकरच हवा होता.

त्या नकारामागे दुसरं काही होतं. हळदीचे व्हिडिओ लोक मोबाईलवर पाठवत. त्यात काकांची बोटं चाललेली दिसायची, पण बेंजो जेमतेम ऐकू यायचा. एक व्हिडिओ, दुसरा, तिसरा. ते पडवीत बसून मोबाईल कानाला लावून पुन्हापुन्हा ऐकायचे. त्यांनी बोलून दाखवलं ते फक्त नीराबाईंकडे, पण आळीत पडव्या जवळजवळ असतात. त्यांचं म्हणणं असं, की विनेश त्यांचा आवाज खाली ओढतो. त्याला पार्टीत म्हातारा नकोय. पायाशी स्पीकर असतो तेव्हा सगळे एकच ऐकतात, म्हणून लपवता येत नाही. या कानातल्यात ज्याला जे द्यावं तेच तो ऐकणार. काकांच्या कानात काकांचा बेंजो मोठा, बाहेर मांडवात नुसती बोटं. आणि ही लबाडी झाकायलाच पंचेचाळीस हजारांचं सोंग आणलंय.

माणगावच्या हळदीला आठ दिवस होते, तेव्हा एका दुपारी त्यांनी विनेश आणि प्राचीला पडवीत बोलावलं. वस्तूची परीक्षा घ्यायची होती. मागच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग विनेशच्या फोनवर होतं. सदाकाका भिंतीकडे तोंड करून बसले, डोक्यावरून टॉवेल घेतला. दहा वेळा, कधी महागडी जोडी, कधी साधी, प्राचीने न सांगता त्यांच्या कानात घालायची आणि त्यांनी कुठली ते ओळखायचं. आम्ही दोघीतिघी शेजारणी सुपारी सोलायचं सोडून बघत होतो.

ते जेवढ्या वेळा बरोबर आले, जवळजवळ तेवढ्याच वेळा चुकले. टॉवेल काढला तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. ते म्हणाले, विनेशला गंडवलंय. अकराशे आणि पंचेचाळीस हजार, आवाज एकच.

नीराबाईंनीच प्राचीला बसायला सांगितलं, नुसती गंमत म्हणून. प्राचीने दहाही वेळा बरोबर ओळखलं.

काकांना वाटलं, विनेश खूण करतोय. त्याला त्यांनी अंगणात पाठवलं. प्राचीच्या डोक्यावर स्वतः टॉवेल टाकला, स्वतः जोड्या बदलल्या. एकदा तर महागडी काढून तीच पुन्हा घातली. प्राची म्हणाली, "काका, ही तीच हाय."

मग त्यांनी विचारलं, तिला नेमका फरक काय लागतो. प्राचीने सांगितलं, साध्या जोडीत सगळं एकत्र होतं, आणि हिच्यात प्रत्येकजण वेगळा उभा असल्यासारखा ऐकू येतो. झांज वाजून गेल्यावर मागे राहणारी किणकिण, ढोलकीवर बोट घासतं ते, बेंजो. इथे ती थांबली.

"बेंजोचं काय?"

प्राचीने टॉवेलची घडी घातली. अंगणाकडे बघितलं, विनेश तिथेच होता.

"बेंजोच्या जोडीच्या दोन तारांतली एक उतरलेली असते, काका. थोडीशीच. पण असते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असंल."

पुढचं ती खाली बघून बोलली. पायाशी स्पीकर होता तेव्हा हे तिला कळत नव्हतं. नुसतं वाटायचं की आपला सूर लागत नाही. मांडवातल्या बायका म्हणायच्या, पोरीचा गळा गेला. तिने थंड पाणी सोडलं, पहाटे उठून रियाज वाढवला, आणि शेवटी गाणं सोडते असं विनेशला सांगितलं. म्हणून त्याने ही जोडी आणली. तिने पहिल्यांदा ती कानात घातली तेव्हा तिला कळलं, आपला गळा ठीक आहे. आणि हो, विनेश बेंजो खाली ओढायचा. तेही खरं होतं. उतरलेली तार त्याच्या कानाला आधीच खटकली होती. काकांना सांगायची हिंमत त्याची नव्हती, आणि काकांमुळे सूर चुकतोय हे बहिणीला तरी कोणत्या तोंडाने सांगायचं.

म्हणजे सदाकाकांचा संशय बरोबर निघाला होता. त्याचा त्यांना आनंद झाला नाही.

तीन दिवस ते वाडीतच राहिले. सकाळी नारळ हलवला नाही, नीराबाईंनी तसाच फोडला. विनेश दोनदा येऊन पडवीतूनच परत गेला. माणगावला बेंजोशिवाय जावं लागेल असं तो प्राचीला म्हणाल्याचं कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी सदाकाका बेंजोची पेटी घेऊन प्राचीच्या घरी गेले. आतल्या खिशातून चावी काढून त्यांनी पेटीवर ठेवली. दार लावलं नाही. ते एक तार छेडायचे आणि प्राचीकडे बघायचे. ती बोट वर करायची किंवा खाली. ते चावी पिळायचे. दोन तारा जुळायला पाऊण तास लागला, कारण मधूनच ते मुद्दाम तार बिघडवून बघत, पोरगी खरं सांगते की मन राखते. ती खरंच सांगत होती.

शेवटी त्यांनी विनेशला बोलावून अट घातली: बेंजो पूर्ण वर द्यायचा, आणि पुन्हा खाली ओढावासा वाटला तर आधी तोंडावर सांगायचं. विनेशने मान डोलावली. मग त्याने हळूच विचारलं, त्या जोडीबद्दल आता काय म्हणणं आहे?

"वस्तू खरी हाय. किंमत खोटी हाय," काका म्हणाले. "आणि चांदीचं तर नावच घेऊ नको."

माणगावला बेंजो वाजला. व्हिडिओ आला तो त्यांनी एकदाच ऐकला. कान तपासून घ्यायला ते काही गेले नाहीत. बहिऱ्यांची यंत्रं विकणारेच कान तपासतात, मग ते कान चांगला कसा म्हणतील, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या हंगामात प्रत्येक कार्यक्रमाआधी तारा प्राचीच्या कानाने लागल्या. खुंटीवरची साधी जोडी त्यांनी खाली उतरवली, पण ती घालून ते फक्त बातम्या ऐकायचे.

गेल्या चैत्रात सदाकाका झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या हळदीसाठी बेंजो प्राचीकडे पोचवून ते आमच्या पडवीसमोरून घरी निघाले होते. स्वतःच्या फाटकापाशी थांबले, खिसा चाचपला, आणि मागे वळून सोबत आलेल्या प्राचीला म्हणाले, "चावी पेटीतच ठेवलीय गं. काम झालं की तिथंच ठेव, इकडंतिकडं टाकू नको."