परातीतलं पिवळं पाणी

माझा मेव्हणा, बायकोचा भाऊ कोंडिबा गेला, त्याला महिना व्हत आला. त्याच्या पोराचा फोन आला तवा म्या वेल्ह्याच्या स्टँडावर यष्टीची वाट बघत व्हतो. "मामा, बापू गेलं..." म्या इचारलं, "कोण म्हणतंय?" माझा स्वभावच तसा. शाळा तिसरीपतूर झाली, पण डोळ्यानं बघितल्याबिगर म्या कुणाचं मानत न्हाई.

कोंडिबाची मेंढरं पानशेतच्या वरल्या अंगाला. उन्हाळ्यात त्याचं डोळं पिवळं झालं, जेवण तुटलं, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आमच्याकडं कावीळ हातावाटं उतरवत्यात. वैदू कसल्याशा सालीचा रस हाताला चोळतो, वर चुन्याची निवळी वततो, खाली परात. पाणी पिवळं पडलं की कावीळ उतरली. दर रविवारी वैदूला नारळ, दर रविवारी पाणी पिवळं, आन् कोंडिबाचं डोळं हाय तसंच... मला संशय आला. एकदा वैदू बाहेर चहा पीत बसला तवा तोच रस म्या माझ्या हाताला चोळला. पाणी पिवळंधमक! मला ना ताप, ना कावीळ.

"बघ कोंडिबा, हे काय?"

"दाजी, तुमालाबी झालीया. बसा शेजारी, एकाच नारळात दोघांचं भागंल," म्हणून तो हसत सुटला. वैदूला इचारलं, तर त्यानं परात रिकामी केली. कोंडिबाची बायको पारूबाई माझ्यावरच उखडली. पावसाळा तसाच गेला.

मग सरकारी दवाखाना. तिथं पोट दाबून म्हणले, सोनोग्राफी करा, पण मशीन हितं न्हाई, भोरला जा. भोरला म्हणले, लिव्हरला गाठ हाय, पुण्याला जा. पुण्यात पुन्हा रक्त, पुन्हा दुसरी मशीन. मेंढराचं काळीज आमी ते मेल्यावर, कापून बघतो. हे जित्या माणसाचं न कापता बघत्यात व्हय? म्या डॉक्टर पोरीला तोंडावर इचारलं, "पयली मशीन खोटी व्हती, का तुमचं सगळ्यांचं ठरलेलं हाय?"

ती चिडली न्हाई. "आजोबा, पहिलीनं गाठ दाखवली. ही मशीन, गाठ कसली ते सांगते," म्हणली आन् पडदा माझ्याकडं वळवला. ढगावानी कायतरी दिसलं. माझा इश्वास अर्धाच बसला, पण तिनं दाखवलं तरी! कॅन्सर निघाला, लई पसरलेला. रक्तात जुनी कावीळ मुरली व्हती, ती एकाची दुसऱ्याला लागती, तवा घरच्यांचंबी रक्त तपासा, असं तिनं बजावलं.

दहाव्यानंतर म्या भाच्याला म्हणलं, चल रक्त द्यायला. पारूबाई आडवी आली. "त्याला काय धाड भरलीया? वाटलंच तर वैदूकडं हात उतरवून घील."

परात भिंतीला टेकून उभी व्हती, कडंला चुन्याची पांढरी रेघ. उरलेल्या रसाची बाटली कोनाड्यात. म्या परात वढली आन् म्हणलं, "पारूबाई, हात पुढं करा. तुमचं." तिनं रागानंच केला, म्या रस चोळून वर निवळी वतली. पाणी पिवळं झालं.

तिनं हात लुगड्याला पुसला. "त्या दिवशी ह्यांनी हसण्यावारी नेलं..." एवढंच बोलली. मग पोराकडं न बघता इचारलं, "पुण्याची यष्टी कवा हाय?"

रक्त देऊन आलोत. उत्तर यायचंय, तवर म्या कायबी मानत न्हाई. परात तशीच भिंतीला हाय. पारूबाईनं ती अजून घासली न्हाई.