मालकाचे दोन टक्के

एसटीच्या कपाळावर 'पोलादपूर' असं ढळढळीत लिहिलेलं असलं, तरी आमचे बॉयलरकाका पायरीवर एक पाय ठेवून ड्रायव्हरला विचारायचेच, "पोलादपूरला जाते ना?" ड्रायव्हर वैतागून बोर्डाकडे बोट दाखवायचा. काका शांतपणे म्हणायचे, "बोर्ड कालचा असंल." त्यांच्यामागे चार-पाच माणसं पिशव्या घेऊन ताटकळत उभी असायची. मला नाते गावाला जायचं असायचं, माझी गाडी नेहमीच उशिरा, त्यामुळे महाड स्टँडवर हा तमाशा मी फुकटात कितीतरी वेळा पाहिला. बोर्ड एकदाही कालचा निघाला नाही. काकांनी विचारणं काही सोडलं नाही.

महाडच्या एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात काका बॉयलर सांभाळायचे आणि मी ऑफिसात पगाराचं काम बघायची, अजूनही बघते. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बॉयलरला एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. दुसरे लोक नळीकडे नजर टाकून वहीत आकडा लिहीत. काका आधी खालचा कॉक उघडून नळी रिकामी करायचे, मग कॉक बंद करून पाणी झटक्यात परत चढतं का ते बघायचे. हळू चढलं तर वाट कुठेतरी तुंबलेली आहे, असा त्याचा अर्थ. "दिसतंय ते पाणी आताचं हाय का मघाचं, ते कळाया नको?" असं ते म्हणायचे. बॉयलरवर एवढी वर्षं काढून हातपाय धड राहिले ते याच स्वभावामुळे, हेही ते सांगायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पण तो स्वभाव बॉयलरपाशी थांबला असता तर ना! कॅन्टीनचा चहा आधी हुंगायचा. डॉक्टरने दिलेली गोळी केमिस्टला दाखवायची आणि केमिस्टने दिलेली परत डॉक्टरला. पोलादपूरजवळच्या कापडे गावाला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकी पदरात तोंड लपवून हसत म्हणाल्या, "काय सांगू गो तुला, लग्नात मी हार घातला तर ह्यांनी बोटाने चाचपून बघितला. कागदी तर नाय ना म्हणून." काका म्हणाले, "मग? दोन फुलं कागदीच होती."

अशा माणसाने माझ्यावर विश्वास का ठेवावा? झालं असं की मी नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात काकांचे ओव्हरटाइमचे चार तास माझ्या हातून राहून गेले. चूक त्यांच्या लक्षात यायच्या आधी माझ्या लक्षात आली, म्हणून मीच बॉयलरवर जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं आता मलाच चाचपून बघतात. पुढे वर्षभर मी काढलेली स्वतःची प्रत्येक पगाराची स्लिप त्यांनी खिडकीत उभं राहून ओळीओळीने वाचली. मग एका महिन्यात स्लिप तशीच घडी करून खिशात टाकली. "तुझी आता बघत नाय गो," म्हणाले. मी दिवसभर कॉलर ताठ करून फिरत होते. लोकांना बढती मिळाल्यावर होत नाही एवढा आनंद मला झाला होता.

मग लॉकडाउन आला. कारखाना अर्ध्या माणसांवर सुरू झाला आणि सरकारचा आदेश निघाला, की तीन महिन्यांपुरता पीएफ बाराऐवजी दहा टक्केच कापायचा. कामगाराचेही दोन टक्के कमी आणि मालकाचेही दोन टक्के कमी. त्यावरून कोण भांडाभांडी! गेटसमोरच्या वडापावच्या गाडीवर दोन तट पडले. एका पक्षाच्या माणसांनी फलक लावला, 'कामगारांच्या हातात जादा पगार'. दुसऱ्या पक्षाने त्याच्याच शेजारी लावला, 'कामगारांच्या म्हातारपणावर डल्ला'. काकांनी दोन्ही फलक सावकाश वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माझे दोन टक्के माझ्या हातात आले, ते दोघांनीबी लिवलंय. मालकाचे दोन टक्के कुठं गेले, ते एकानंबी नाय लिवला."

त्यातच जूनचं वादळ आलं आणि काकांच्या घरावरचे पत्रे उडून शेजारच्या भातखाचरात पडले. आता तरी त्यांना ते जादा पैसे गोड लागतील असं मला वाटलं. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज घेऊन खिडकीत हजर, माझे पूर्वीप्रमाणे बारा टक्केच कापावेत. मी म्हटलं, "काका, घरावर छप्पर नाही आणि हे काय?" ते म्हणाले, "माझाच पैसा, माझ्याच उद्याचा, आणि आज मलाच बक्षीस म्हणून देतायत. असल्या बक्षिसाची मला भीती वाटते." नियमाप्रमाणे तसं करता येत होतं. मी त्यांचे बारा टक्के कापले.

अर्ज देऊन झाल्यावर ते खिडकीतून हलले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, तू कागद वाचतेस. मालकाचे उरलेले दोन टक्के आमचे का त्याचे?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्या कारखान्यात पगाराचा जो करार होता, त्यात मालकाचा पीएफचा हिस्सा आमच्या एकूण पगारातच धरलेला होता. अशा ठिकाणी मालकाचे वाचलेले दोन टक्के कामगाराच्या हातात द्यायचे, असा खुलासा सरकारने केला होता. तो मी वाचला होता, आमच्या साहेबांनीही वाचला होता. साहेब म्हणाले होते, "आपणहून कशाला सांगायचं? कोणी विचारलं तर बघू." त्या दिवसांत लोकांच्या नोकऱ्या पटापट जात होत्या. माझ्या घरात पगार आणणारी मी एकटी होते. हे सगळं खरं आहे, आणि तरी मी केलं ते वाईटच केलं. मी काकांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "ते मालकालाच माफ झालेत, काका. आपल्याला द्यायचा नियम नाही."

"असं हाय होय," ते म्हणाले. आणि गेले.

मला वाटलं होतं ते हुज्जत घालतील, कागद दाखव म्हणतील. कागद माझ्या खणातच होता. त्यांनी मागितला असता तर मी दिला असता, अशी मी कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली. त्यांनी मागितलाच नाही. उलट त्याच संध्याकाळी शिफ्ट सुटताना गेटवर कामगार जमले होते, साहेबांना जाब विचारायचा असं ठरत होतं, तिथे काका जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी विचारून आलोय. नियम नाय." झालं. एसटीच्या बोर्डावर विश्वास नसलेला माणूस खात्री देतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? लोक मुकाट्याने गाड्यांवर बसून घरी गेले. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "काय जादू केलीस?"

तीन महिने संपले, पीएफ पुन्हा बारा टक्के झाला, फलक पावसात फाटून गेले. रक्कम म्हणाल तर माणशी फार मोठी नव्हती. मला मात्र तेव्हापासून काकांची स्लिप हातात देताना वर बघवत नसे. ते घडी करायचे आणि खिशात टाकायचे.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. त्यांचे पीएफचे आणि पेन्शनचे फॉर्म भरायला मी कापड्याला गेले. काकींनी घावणे केले होते. मी पिशवीतून फॉर्म काढले, तर काकांनी पेन मागितलं आणि मी एक अक्षर लिहायच्या आत सगळ्या पानांवर सह्या करून टाकल्या. "तू मग सावकाश भर," म्हणाले. कोऱ्या फॉर्मवर, या माणसाने! काकी बघतच राहिल्या.

मी घावण्यांची ताटली बाजूला सारली. मी सांगून टाकलं. खुलासा, करार, साहेब, खण, सगळं. रडले पण.  मी थांबल्यावर काका म्हणाले, "मी सगळ्यांना सांगितला होता गो." एवढंच. मग त्यांनी कोनाड्यातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि फॉर्म परत मागितले. मी समोर बसून एकेक रकाना भरत गेले आणि ते एकेक रकाना वाचत गेले, स्वतःचं नाव आणि जन्मतारीखसुद्धा. दुपार तिथेच गेली. शेवटचं पान माझ्या हातात देऊन म्हणाले, "बरोबर हाय." दारापर्यंत सोडायला मात्र काकी आल्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी आमचा एक जुना फिटर माझ्या खिडकीत आला. त्याच्या मागे आणखी सहा-सात जण होते. तो म्हणाला, "ताई, बॉयलरकाका घरी येऊन गेले. सगळ्यांकडे जातायत, बिरवाडी झाली, नाते झालं, काल सव गावाला गेले होते. लॉकडाउनमधल्या त्या दोन टक्क्यांचं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं म्हणतात, ते तुमचेच होते, ऑफिसात जाऊन मागा."

मी विचारलं, "त्यांना चुकीचं कोणी सांगितलं, ते बोलले का?"

"विचारलं ना आम्ही," फिटर म्हणाला. "तर म्हणाले, कोणी नाय, माझ्याच बघण्यात चूक झाली."