आधी पाणी

नवरा गेल्यानंतर तो कामाला होता त्याच कारखान्याने मला ऑफिसात नोकरी दिली. मोहोपाड्याच्या कडेचा लहानसा रासायनिक कारखाना. मी शिकलेली, वाचनाची सवय असलेली, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे आली. नाही म्हणायची सोय नव्हती. मुलगी दहावीला होती आणि राहती खोली कारखान्याची होती.

दुसऱ्या वर्षी साहेबांनी एक फॉर्म पुढ्यात ठेवला. प्रथमोपचाराची सोय प्रत्येक विभागाच्या गरजेप्रमाणे आहे का, ते लिहायचं होतं.

"मागच्या वर्षीचंच उतरवा," ते म्हणाले. "पेटी आहे, पट्ट्या आहेत. झालं."

पेटी साहेबांच्या केबिनमध्ये होती. कापूस, पट्ट्या, कात्री, मलम. एखाद्या शाळेला पुरेल अशी. साहेब घरी गेले की केबिनला कुलूप. मला ते उतरवता येईना. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन मी सगळीकडे फिरले.

"वैनी, पट्टी इथंच ठिवा," पॅकिंगमधली एक बाई म्हणाली. "नायतर बोट कापलं की बोटच साहेबाच्या केबिनात ठिवून येते."

बॉयलरपाशी माणसं भाजत. ॲसिडच्या टाकीपासून सर्वांत जवळचा नळ बासष्ट पावलांवर होता, वाटेत ड्रम रचलेले. ती पावलं मी तीनदा मोजली.

माझ्या नवऱ्याच्या अंगावर ॲसिड उडालं ते याच टाकीजवळ. पाळीवर सोबत असलेल्या त्याच्या मित्राने सोड्याची गोणी फोडली आणि त्याच्या मानेला, छातीला मूठमूठ सोडा चोळला. आमच्याकडे जमिनीवर ॲसिड सांडलं की सोडा टाकतात. फसफसून ते शांत होतं. नवा कामगार पहिल्या आठवड्यात हेच शिकतो. बाहेरच्या कुणी घाबरून पाणी तरी ओतलं असतं. मित्राने स्वतःला ठाऊक होतं ते केलं आणि त्याला टेंपोत घालून पनवेलला नेलं. तिथे डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सोड्यानं जखम आणखी खोल गेली. आधी भरपूर पाणी हवं होतं." नवव्या दिवशी नवरा गेला.

डॉक्टरांचं बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो तो मित्राच्या धावपळीबद्दल बोलला आणि तो मान खाली घालून रडला. तो आमच्या शेजारच्याच खोलीत राहतो. मला उशीर झाला की त्याची बायको माझ्या मुलीला जेवू घालते, मागून मलाही. कधीतरी तो म्हणायचा, "वैनी, माझ्या हातून तेवढं तरी झालं." मी हो म्हणायचे. एकदा हो म्हटल्यावर दर वेळी म्हणावं लागत होतं.

आता फॉर्मात ॲसिडच्या टाकीचा रकाना रिकामा होता. तिथे पाणी लिहायचं तर सोड्याला मनाई लिहावी लागणार, आणि टाकीवर कामाला अजून तो मित्रच होता. न लिहावं, तर उद्या कुणाच्या अंगावर उडालं की सर्वांत आधी तोच धावणार, गोणी घेऊन. चार दिवस कागद माझ्या खणात पडून राहिला. मी त्याची नजर चुकवत होते, पण मधे एकच भिंत. त्याचं खोकणंसुद्धा ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी लिहिलं.

"बाई, आपण कारखाना चालवतो, दवाखाना नाही," साहेब म्हणाले. पण तपासणी जवळ आली होती. पॅकिंगला आणि बॉयलरला बिनकुलपाच्या पेट्या गेल्या. टाकीशेजारी शॉवर बसला आणि मी लिहून दिलेला फलक रंगून आला: 'अंगावर ॲसिड उडाल्यास सोडा लावू नये. लगेच पाण्याखाली धरावे, किमान वीस मिनिटे.'

तो लावायला मित्रच आला. स्टुलावर चढला, एक खिळा ठोकला, मग थांबून वाचू लागला. वाचून खाली उतरला.

"वैनी, सोडा अजिबात नाय?"

"नाही, भाऊ."

"हे आता नवीन निगालंय का?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याचं तोंड तेच मागत होतं.

"नाही," मी म्हटलं. "आधीपासून असंच आहे."

"तुमाला कवा कळलं?"

"दवाखान्यात."

तो पुन्हा स्टुलावर चढला. "आन तुमी आमच्यात येऊन जेवत व्हता," तो म्हणाला.

त्याने दुसरा खिळा ठोकला. साहेबांनी दारातूनच ओरडून सांगितलं, पाणी पुरी वीस मिनिटं टिकतंय का पाहा आणि वहीत नोंद करा. त्याने शॉवर सोडला. वरच्या पाण्याच्या टाकीतली पातळी त्याने बघायची होती, घड्याळ मी. दोघांनाही तिथून हलता येत नव्हतं. सहा मिनिटं झाली तेव्हा मी मान वर केली. तो टाकीकडे नव्हे, पाण्याकडे बघत होता. पाणी चांगलं जोरात येत होतं. मी वहीत सहा लिहिलं. अजून चौदा मिनिटं होती.