झाकण लावलं की उठत नाही

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. अक्षरओळख माझी पत्रकांवरच झाली. वडील आणि त्यांचे सोबती कुठल्या ना कुठल्या मागणीचं पत्रक काढायचे, आमच्या कुरुंद्यात आणि वसमतच्या बाजारात वाटायचे, आणि उरलेला गठ्ठा आमच्याकडे येऊन पडायचा. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. त्यामुळे असेल, मला शेवटी उद्गारचिन्ह असलेलीच वाक्यं सुचतात.

हट्ट्याच्या आत्यानं बोलावलं तेव्हाही मी तशीच बोलले. आत्या गावातल्या मुलींसाठी एक अभ्यासिका चालवते. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेले चार लॅपटॉप तिला मिळाले होते, आणि मुली त्यांच्यावर मराठी टायपिंगच्या परीक्षेचा सराव करणार होत्या. लॅपटॉप कोरे होते. वसमतचा एक रिपेअरिंगवाला पेनड्राइव्हवरून चोरटी सिस्टीम टाकून द्यायला तयार होता. मी उभी राहिले आणि म्हणाले, की चोरीची वस्तू मुलींच्या हातात द्यायची नाही. लिनक्स टाकू. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. त्यातली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते! मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आत्यानं टाळी वाजवली नाही. "चालंल का पण?" एवढंच तिनं विचारलं.

चाललं. पहिले काही दिवस छान चाललं. मग आत्याचा फोन आला.

"तुझी क्रांती झोपली की उठत न्हाई गं."

"म्हणजे?"

"दुपारी लाईट गेली की पोरी झाकण लावून जेवायला जातात. येऊन उघडलं की पडदा उजळतो, घड्याळ चालू राहतं, पण बाण हलत न्हाई का अक्षर उमटत न्हाई. नुसतं आपल्याकडं बघून राहतंय, रुसलेल्या जावयासारखं."

"बॅटरी उतरली असेल."

"बॅटरी उतरल्यावर पडदा कशानं उजळंल? बटन दाबून धरावं लागतं, मंग बंद होतं, मंग केलेलं सगळं जातं. आज एकीचा पूर्ण उतारा गेला. रडून राहिली ती." मग ती म्हणाली, "गौरी उठेपर्यंत थांबते. त्यानंतर त्या वसमतवाल्याला बोलावते. मला चोरी-बिरी कळत न्हाई, मला पोरी पास व्हायला पाहिजेत."

मी चारपैकी दोन लॅपटॉप कुरुंद्याला घेऊन आले. चारही एकाच कंपनीचे, पण तीन एका जातीचे होते आणि चौथा दिसायला तसाच असून आतून वेगळा. म्हणून तिघांतला एक आणि तो चौथा.

नांदेडला मी संगणकाचं शिक्षण घेतलं होतं. ड्रायव्हर हा शब्द परीक्षेत लिहिला होता: ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि कर्नलचा जो तुकडा एखाद्या चिपशी तिच्या भाषेत बोलतो तो ड्रायव्हर. या लॅपटॉपांत कीबोर्ड आणि टचपॅड एकाच चिपच्या हाताखाली होते. झाकण लावलं की कर्नल सगळ्यांना झोपवतो, चिपची वीज तोडतो. उघडलं की वीज देतो आणि ड्रायव्हरला सांगतो, बघ उठली का. इथपर्यंत मला कळलं. पुढे मी तो ड्रायव्हर उघडला.

ओळ न् ओळ वाचता येते, असं मी हट्ट्यात छातीठोक सांगितलं होतं. वाचता येत होतं. कळत नव्हतं. एका ठिकाणी कुणीतरी शेरा लिहून ठेवला होता, की ही ओळ का लागते माहीत नाही, पण काढली तर काही यंत्रं उठत नाहीत. मी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. जगभरची यंत्रं ज्याच्यावर चालतात त्यात "माहीत नाही" असं लिहिलेलं असतं? आमच्या वडिलांच्या पत्रकात असं वाक्य कुणी टाकलं असतं तर सोबत्यांनी त्याला चहासुद्धा पाजला नसता.

मी ड्रायव्हरमध्ये जागोजागी खुणा पेरल्या, म्हणजे झोपताना आणि उठताना तो कुठं काय करतो ते लिहून ठेवील. झाकण लावायचं, उघडायचं, लिहिलेलं वाचायचं. शेवटी एक गोष्ट दिसली. वीज आल्या आल्या ड्रायव्हर चिपला पहिला प्रश्न विचारतो. चिप काहीतरी अर्धवट उत्तर देते. ड्रायव्हर समजतो की इथे कुणी नाही, आणि निघून जातो. मी त्याला प्रश्नाआधी क्षणभर थांबायला लावलं. नुसतं थांबायला. झाकण उघडलं, कळ दाबली, आणि पडद्यावर 'क' उमटला.

मी ओरडले, तेव्हा आई चुलीजवळून म्हणाली, "काय झालं, नोकरी लागली का काय?"

चौथा मात्र उठला नाही. थांबून बघितलं, जास्त थांबून बघितलं. ढिम्म. तरी माझ्या अंगात आता वारं शिरलं होतं. हा बदल मूळ कर्नलमध्ये गेला पाहिजे, म्हणजे हे मॉडेल ज्या ज्या गावात असेल तिथे तिथे उठेल, असं मी ठरवलं. असा बदल सुचवायचा तर पॅच करून, म्हणजे बदललेल्या ओळी आणि सोबत चार वाक्यांत कारण लिहून, त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्याला मेल करायचा असतो. इंग्रजीत. मी लिहिला. इंग्रजीत असला तरी तो मेल पत्रकच होता. ग्रामीण विद्यार्थिनींच्या यंत्रांकडे चाललेलं दुर्लक्ष तात्काळ थांबवा, अशी सुरुवात होती. आम्ही मागणी करतो की, असं मधे होतं. आणि खाली: आम्ही सर्व, हट्टा.

हे मला मुळीच चमत्कारिक वाटलं नव्हतं. पत्रकाखाली एकट्याचं नाव घालायचं नाही, हा आमच्याकडचा नियमच होता. नाव दिसलं की त्या एकालाच चौकीवर बोलावतात. 'आम्ही' लिहिलं की कुणाला बोलावणार?

देखभाल करणारा कुठल्या देशातला, किती वयाचा, मला अजूनही माहीत नाही. त्याचं उत्तर आखूड होतं. मराठीत सांगायचं तर असं: यात मागणी करण्यासारखं काही नाही. कोणती चिप? ती नेमकी किती वेळ मागते, आणि तेवढाच का? शेवटी तुमची साइन्ड-ऑफ-बायची, म्हणजे सहीची ओळ नाही, ती खऱ्या नावानं हवी. आणि आम्ही म्हणजे कोण?

मी वडिलांना मेल वाचून दाखवला. ते शेळीला पाला घालत होते. ऐकून हसायला लागले.

"आम्ही म्हणजे कोण, हे तर मला फौजदारानं विचारलं होतं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, मोजा. अर्धा बाजार माझ्यामागं उभा होता." मग ते म्हणाले, "तुझ्यामागं कोण हाय?"

"आत्या. आणि मुली. पण तो म्हणतो, एकट्याचं नाव घाला. खरं नाव."

"काहून?"

"जबाबदारी घ्यायची म्हणून. मी हमी देते, अशी ओळ आहे ती."

वडिलांचं हसू थांबलं. "हमी? मंग खरं असंल तर घाल. न्हाईतर घालू नको. खोटं छापून बाजारात परत तोंड दाखवता येत न्हाई."

तिथे मी अडकले. खरं आहे का, हेच मला ठाऊक नव्हतं. थांबल्यावर यंत्र उठत होतं, एवढं खरं. पण का? मी थांबण्याचा वेळ निम्मा केला, तरी उठलं. आणखी निम्मा केला, तर कधी उठायचं, कधी नाही. सकाळी उठायचं, दुपारी घरावरचे पत्रे तापले की नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक कुठंच मिळेना. हमी देते, असं लिहायला बसले की हात आखडायचा. पॅच तयार, खाली नावाची जागा रिकामी. गणपती बसले. आत्याचा फोन आला की मी म्हणायचे, होतंय.

"झालं का होतंय?"

"होतंय."

"बाई, होतंय-होतंय करत माझ्या पोरी परीक्षेत जाऊन बसतील."

शेवटी मी त्या माणसाला सरळ लिहिलं. या वेळी उद्गारचिन्हाशिवाय. की माझ्या बदलानं यंत्र उठतं, पण ते का उठतं ते मला सांगता येत नाही, म्हणून मी हमीवर सही करू शकत नाही, क्षमा असावी.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ती शपथ नाही, त्यानं लिहिलं होतं. हा बदल तुम्ही स्वतः लिहिलाय आणि तो द्यायचा तुम्हाला हक्क आहे, एवढंच ती ओळ म्हणते. बरोबर आहे की नाही ते आपण सगळे तपासतो. त्या चिपची कागदपत्रं माझ्याकडेही नाहीत. वेळ थोडा वाढवून ठेवा, आणि कारण माहीत नाही असं स्पष्ट लिहून पाठवा.

मी इतके दिवस कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी होते, आणि समोर निघाला टपाल घेणारा माणूस. सुटल्यासारखं वाटलं. थोडा रागही आला. हमी नाही, तर मग ही सगळी यंत्रं कशाच्या भरवशावर चालली आहेत? की सगळे मिळून तपासतात, हाच भरवसा? मला नीट उमगलं नाही. मी नाव घातलं. माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बदलाच्या वर मीही तसाच शेरा लिहिला, की इतकाच वेळ का लागतो ते माहीत नाही. किरकोळ सुधारणा होऊन पॅच घेतला गेला. चौथ्याचं वेगळं बघू, असं तो म्हणाला.

पण आत्याला चारही हवे होते. मग मी चौथ्यासाठी माझ्यापुरता वेगळा उपाय केला. झोपताना त्या चिपची वीजच तोडायची नाही, असं ड्रायव्हरला सांगितलं. झाकण लावलं, उघडलं. उठला! दहादा केलं, दहादा उठला. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही लॅपटॉप पिशवीत घालून हट्ट्याच्या एस.टी.त बसले.

वाटेत मांडीला चटका बसायला लागला. पिशवीत हात घातला तर चौथा लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. झाकण लावलेलं, दिवा लुकलुकतोय, आणि आत पंखा गरगरतोय. उघडून पाहिलं तर सकाळी भरलेली बॅटरी निम्म्याच्या खाली. मला समजायला थोडा वेळ लागला. तो इतका छान उठत होता, कारण तो झोपतच नव्हता. मी एका चिपला जागं ठेवलं, आणि तिच्यापायी सगळं यंत्र डोळे मिटून जागं बसून होतं.

अभ्यासिकेत मुली सतरंजीवर बसल्या होत्या, आणि दारात वसमतचा रिपेअरिंगवाला गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून उभा होता. आत्यानं बोलावलंच होतं त्याला. मी तिन्ही लॅपटॉपांवर नवा कर्नल टाकला, एकेकाचं झाकण लावून उघडलं. तिन्ही उठले. मुलींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग चौथा. तोही उठला.

"आता काय, बराबर झालं ना सगळं?" आत्या म्हणाली. "ह्याला पाठवून देऊ का परत?"

मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण पिशवी अजून गरम होती.

"तीन बरोबर झालेत. चौथा उठत नाही, आत्या. तो झोपतच नाही. दुपारी झाकण लावून जेवायला गेलात, तर आल्यावर बॅटरी संपलेली असेल."

"मंग हे बरं झालं म्हणायचं का न्हाई?"

"नाही."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तीन हिचे राहू दे. चौथ्यात टाक तुझं काय ते."

मी काहीतरी म्हणणार होते. चोरी, तत्त्व, मुलींच्या हातात. पण ज्या मुलीचा उतारा गेला होता ती माझ्याकडेच पाहत होती.

त्यानं खाली बसून चौथ्यात आपली सिस्टीम टाकली. झाकण लावलं. पंखा थांबला, दिवा विझला. आम्ही सगळ्याजणी त्या बंद झाकणाकडे पाहत बसलो. त्यानं उघडलं. उठला. थंडगार होता, आणि कळ दाबताच अक्षर उमटलं.

"कसं काय?" मी विचारलं. "उठताना आत काय होतं? किती थांबतो तो चिपसाठी? का झोपताना वेगळं काही करतो?"

"अब वो क्या मालूम, ताई." त्यानं पेनड्राइव्ह परत गळ्यात अडकवला. "चालतंय ना?"

मी झाकण लावलं. उघडलं. उठला. या सिस्टीमच्या आत कुठंही एक शेरा वाचायला मिळणार नव्हता, माहीत नाही असा कबुलीचासुद्धा. मी कान लावून पंख्याचा आवाज येतो का ते ऐकलं, खालून हात लावून पाहिला. परत लावलं, परत उघडलं.

"पुरे गं," आत्या म्हणाली, "बिजागरी तुटंल."