तीन आठवड्यांपूर्वीचा सामना

बाबा परभणीच्या शेतकी कॉलेजात कारकून होते. तिथले दोन अमेरिकन पाहुणे एकाच राज्यातले, पण त्यांचे फुटबॉलचे संघ वेगळे. त्या संघांच्या सामन्याचं वर्तमानपत्र टपालानं तीन आठवड्यांनी आलं. ज्याचा संघ हरेल त्यानं आमच्या घरी आईच्या हातचा ठेचा खायचा, असं ठरलं होतं. दोघांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून निकाल वाचायला इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला बसवलं.

“एकाच राज्यातले असून इतकी चुरस?” मी बाबांना हळूच विचारलं.

“मग वालूर अन् पोखर्णीचे पैलवान काय येगळ्या जिल्ह्यातले हायेत?”

सामना कधीच संपला होता, तरी दोघं श्वास रोखून बसले होते. मी आकडे दोनदा वाचले. बरोबरी झाली होती. आईनं दोघांच्याही ताटात ठेचा वाढला.