थायरॉइडचं बटन कुठंय?

आमच्या जालन्याच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. लेकरांसोबत तेही नंबर लावून येतात! मी लेकरांची डॉक्टर, मदतीला सिंधू सिस्टर. एकट्या वैष्णवीनंच आम्हाला इतके किस्से दिले, की आज तिचेच सांगते.

*

वैष्णवी राजूरची, नववीतली. आई वैतागलेली. "चार-चार भाकरी खाऊन राह्यली मॅडम, अन् अंगावर मांस न्हाई! कोणाची नजर तर न्हाई लागली?"

पोरीची तक्रार वेगळीच. "मेंदीची रेघ सरळ येत न्हाई. उन्हाळ्यात ताईचं लग्न हाय, तिच्या हातावर मीच काढणार हाय."

नाडी पाहिली, नुसती पळत होती. गळ्याला थोडी सूज. हात पुढं करायला लावले, बोटांवर कागद ठेवला, तर तो फडफडायलाच लागला! मी ओरडले, "सिस्टर, फॅन बंद करा हो!"

"मॅडम, लाईट कव्हाची गेली!"

*

डोळेही मोठे झालेले, पापण्या वर ओढल्यासारख्या. "हे कधीपासून?" मी विचारलं.

आई लाजली. "आम्हाला वाटलं, वयात आली, रूप चढलं. गल्लीतल्या पोरी तर विचारत्यात, काजळ कोणतं लावती गं?"

*

रक्ताचा रिपोर्ट आला. म्हटलं, "हिला थायरॉइड आहे."

"काहीतरीच! ते जाड बायांना होतं. आमच्या जाऊबाईला हाय ना!"

मी समजावलं. गळ्यात एक ग्रंथी असते. जाऊबाईंची सुस्तावलीय, हिची थांबायचं नाव घेत नाही. म्हणून ही भूक, हे डोळे, ही थरथर. गोळ्या वर्ष-दोन वर्षं तरी लागतील. ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून जल्दी इकडं यायचं.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "बराबर. मंग ती बंद करायचं बटन कुठंय?"

*

महिन्यानं आली ती आणखीच वाळून! थरथर वाढलेली. मी चक्रावले. "गोळी घेतेस ना?"

"रोज! सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी. बिलकुल चुकवत न्हाई."

उपाशीपोटी? मी तर असं सांगितलंच नव्हतं! पाकीट बघितलं. जाऊबाईंच्या गोळ्या! सुस्त ग्रंथीला पळवायच्या गोळ्या ह्या पळणाऱ्या पोरीला. आगीत तेल!

"थायरॉइडच्याच हायत की," आई म्हणाली. "घरात असताना दुसऱ्या कशाला?"

मी अशी भडकले, की बाहेरची लेकरं रडायची थांबली. वैष्णवी मात्र आपल्या हातांकडं बघत होती. "मंग लग्नापर्यंत रेघ सरळ येईल का न्हाई?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. "मी लिहून दिलेल्याच गोळ्या घे," म्हटलं, "मंग बघू."

*

लग्नाच्या आठवडाभर आधी आली. गाल भरलेले, हातात मेंदीचा कोन. "मॅडम, हात द्या. आधी तुमच्यावर ट्रायल!"

मनगटापासून वेल निघाली, पार बोटांकडं. रेघ कुठंच थरथरली नाही.

तेवढ्यात ती थांबली. "मॅडम, हात हलवू नका ना!"

"मी कुठं हलवून राह्यले?"

सिंधू सिस्टरनं एकदा वर फॅनकडं पाहिलं. लाईट त्या दिवशीही गेल्ती. मग टेबलावरचा कागद उचलला अन् माझ्या दुसऱ्या हातावर ठेवला.