सिस्टरच्या घरचं विरजण

आमच्या गल्लीत सिस्टर कुणाला ‘कसं काय चाललंय’ असं विचारायच्या नाहीत. ‘पोट कसं हाय?’ असं विचारायच्या, आणि तेही रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा तर त्यांनी मांडवात नवरदेवालाच हे विचारलं. बिचारा अक्षता पडायच्या आधीच लालबुंद झाला. राधानगरीकडच्या खेड्यापाड्यांत त्यांनी आयुष्यभर नर्सची नोकरी केली होती आणि निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात, आमच्या गल्लीत घर घेतलं होतं. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. आम्हाला त्या सिस्टरच होत्या.

बसून सल्ला द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. ‘इचारायचं आसंल तर चल माझ्यासंगं,’ एवढं म्हणून त्या रंकाळ्याच्या दिशेने सुटायच्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे मालक एकदा त्यांच्या शेजारून स्कूटर हळूहळू चालवत आपल्या अपचनाची कहाणी सांगू लागले. सिस्टरनी त्यांना स्कूटर बाजूला लावायला लावली आणि तळ्याला पूर्ण फेरी मारेपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. फेरी संपल्यावर म्हणाल्या, आता उद्या या. ते महिनाभर रोज गेले आणि मग विचारायचं काय होतं तेच विसरले.

सिस्टर बौद्ध. आमच्या घरात त्यावरून कधी कुणी वेडंवाकडं बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, सगळं आधीच ठरल्यासारखं होतं. आई निवृत्त शिक्षिका, गल्ली तिला बाई म्हणायची. बाई आणि सिस्टर रस्त्यात भेटल्या की तासभर बोलायच्या, पण सिस्टर आमची पायरी चढायच्या नाहीत आणि आई त्यांना ‘या’ म्हणायची नाही. आमचं विरजण कधी बिघडलंच तर मी वाटी घेऊन चार घरं टाकून कोपऱ्यावरच्या काकूंकडे जायचे. सिस्टरचं घर अगदी समोर होतं. मी गणिताची शिक्षिका, पण हे अंतराचं गणित मला सिस्टर समोर राहायला आल्यापासून बारा वर्षांत कधी खटकलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

एका सकाळी आईने उकळत्या दुधात विरजण घातलं. असलेलं नसलेलं सगळं. साठ वर्षं जिचं दही वाटीत सुरीने कापावं असं लागायचं, ती आई फुटलेल्या दुधाकडे बघत उभी होती आणि मला विचारत होती, हे कुणी केलं. त्याआधी ती किल्ल्या विसरायची, भाजीत मीठ दोनदा घालायची. मी हसण्यावारी नेत होते. त्या दिवशी मात्र मी तिला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि विस्मरणाची सुरुवात आहे म्हणाले. मला एकच भीती होती, एक दिवस ती माझ्याकडेही त्या दुधाकडे बघितल्यासारखी बघेल.

भीतीपोटी माणूस जे करतो ते मी केलं. मोबाइलवर वाचलं की आतड्यातले चांगले जंतू मेंदूला मदत करतात, आणि त्या जंतूंच्या महागड्या कॅप्सूल मागवल्या. आईला त्या गिळवेनात, म्हणून फोडून तिच्या सकाळच्या कडक चहात घालू लागले. पंधरा दिवसांनी रस्त्यात सिस्टरना फुटलेल्या दुधापासून सगळं सांगितलं, आणि कॅप्सूलचं मोठ्या अभिमानाने. त्या चालायच्या थांबल्या. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

‘जितं जंतू उकळत्या च्यात?’ त्या म्हणाल्या. ‘बाईंनी इसरून केलं, तू शानपणानं केलंस.’

मग हसू आवरून त्यांनी विचारलं, घरी दही लागतं का सध्या? मी म्हटलं, विरजणच संपलंय, कोपऱ्यावरून आणायचं राहिलंय. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नव्हे, पेशंटकडे बघावं तसं.

‘इतकी वर्सं कोपऱ्यावरनंच नेतीयास की. आज आमचं न्हे. ह्या जंतूंस्नी जात ठावं न्हाय.’

त्यांनी घरातून वाटी आणून माझ्या हातात दिली आणि दूध बोट बुडवून ठेवता येईल इतकंच कोमट कर, हे दोनदा बजावलं. आईने दुसऱ्या दिवशी ते दही खाल्लं. कुठलं, म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. तिने वाटी पुसून खाल्ली.

त्या दिवसापासून सिस्टर रोज साडेपाचला आमच्या पायरीखाली उभ्या राहू लागल्या. ‘बाई, चला की.’ आईची गुडघ्यांची, उन्हाची, पाहुण्यांची सगळी कारणं त्यांनी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. आधी कोपऱ्यापर्यंत, मग शाळेपर्यंत, आणि दिवाळी सरताना दोघी रंकाळ्यापर्यंत जाऊ लागल्या. वाटेत सिस्टर मुद्दाम चुकायच्या. कुणाच्या मुलाचं नाव दुसऱ्याला द्यायच्या, आईच्या शाळेच्या पन्हाळ्याच्या सहलीचं वर्ष बदलायच्या. आईतली शिक्षिका उसळून उठायची आणि त्यांना दुरुस्त करायची. मी एकदा त्यांच्या मागून चालताना हे ऐकलं आणि रडू लपवायला रंकाळ्याकडे तोंड केलं.

चालण्याने मेंदूला रक्त नीट जातं, पोटातल्या चांगल्या जंतूंनाही चालणारं शरीर मानवतं, आणि पोट आणि डोकं यांचं आतून बोलणं चालू असतं, असं सिस्टर सांगायच्या. निवृत्त झाल्या तरी त्यांचं वाचन थांबलं नव्हतं. पण थापा त्यांनी कधी मारल्या नाहीत. मी एकदा अगदी काकुळतीला येऊन विचारलं, आई बरी होईल ना? त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

‘बरं हुईल आसं मी म्हणत न्हाय. ह्यावर अजून शोध चालूच हाय. गोळ्या बंद करू नगंस. जेवढ्या बाई शिल्लक हाईत तेवढ्या धरून ठिवू.’

आम्ही धरून ठेवली. चार वर्षं. नाचणीची आंबील, ताक, दही आणि रोजची फेरी. आई मला मधूनच मावशीच्या नावाने हाक मारते, पण लगेच स्वतःच जीभ चावते. डॉक्टर म्हणतात, मला वाटलं होतं त्याहून सावकाश चाललंय, नेमकं कशामुळे ते सांगता येणार नाही, चालणं सोडू नका. श्रेय कुणाला द्यायचं ते डॉक्टरांना ठरवता येत नसेल. मला येतं.

या वर्षी संक्रांतीनंतर एका पहाटे सिस्टर झोपेतच गेल्या. कुणाला पाणी द्यायचीही तसदी दिली नाही. त्यांची मुलगी पुण्याहून आली, दुपारी सगळं आटोपलं, माणसं पांगली. मी घरी येऊन आईजवळ बसले. तिला कितपत कळलंय याचा अंदाज येत नव्हता, म्हणून सिस्टर गेल्या हे मी पुन्हा एकदा हळूच सांगितलं.

‘माहीत आहे मला,’ आई म्हणाली. ‘ती पोर सकाळपासून उपाशी असेल. पिठलं टाक. भाकऱ्या मी करते.’

तिने खरंच केल्या. एक करपली. ताटं झाकून आम्ही समोर गेलो. चपला काढून आई पुढे झाली आणि बुद्धाच्या तसबिरीसमोर क्षणभर हात जोडून सरळ स्वयंपाकघरात गेली. मुलीसाठी पान वाढलं. मग दुसरं वाढून त्या पानावर स्वतः बसली. मुलगी म्हणाली, तुम्ही कशाला, घरी जाऊन निवांत जेवा. आईने भाकरीचा तुकडा मोडला.

‘मी खूप विसरते गं,’ ती म्हणाली. ‘पण तुझ्या आईच्या घरी मी एकदाही जेवले नाही, हे मला आठवतंय.’